महाविद्यालयातील छळ : कर्नाटकचा प्रस्तावित कायदा आणि आपली मुले

बारावीचा निकाल लागला की कॅम्पातल्या घराघरांत एकच चर्चा असते : बेळगावातच प्रवेश घ्यायचा, की कोल्हापूर-पुण्याला पाठवायचे? फी, वसतिगृह, खाणावळ यांची चौकशी होते. छळ झाला तर कोणता कायदा लागू होईल, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारायला हवे, कारण घर कुठे आहे यावर ते ठरत नाही. महाविद्यालय ज्या राज्यात, त्या राज्याचा कायदा.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी स्वतंत्र कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षे कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. लेखी तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर तेही गुन्ह्यास साहाय्य करणारे ठरतात. माझ्या मते या कायद्यातले हेच कलम सर्वांत मोलाचे.

कर्नाटकात रॅगिंगची शिक्षा १९८३ च्या शिक्षण कायद्यात आहे : एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आज दोन हजारांत वसतिगृहाचे महिन्याचे जेवणही होत नाही.

२०२५ मध्ये कर्नाटकात चर्चेला आलेला मसुदा मात्र रॅगिंगचा नाही, भेदभावाचा आहे. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने जानेवारी २०१६ मध्ये आत्महत्या केली. त्याचेच नाव या विधेयकाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये राहुल गांधी यांनी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना पत्र लिहून असा कायदा करण्यास सांगितले. मसुद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांशी भेदभाव केल्यास पहिल्या वेळी एक वर्ष कैद व दहा हजार दंड, पुन्हा केल्यास तीन वर्षे व एक लाख. खासगी विद्यापीठेही त्यात येतात.

रॅगिंग आणि भेदभाव प्रत्यक्षात वेगळे राहतातच असे नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी यांच्या २०१९ मधील मृत्यूनंतर वरिष्ठ सहकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला गेला, तो रॅगिंग आणि अ‍ॅट्रॉसिटी अशा दोन्ही कायद्यांखाली.

आपल्या दृष्टीने पाहायचा शब्द आहे ‘अल्पसंख्याक’. कर्नाटकात मराठी भाषक भाषिक अल्पसंख्याक आहेत. विधेयकाच्या अंतिम मजकुरात हा शब्द फक्त धर्मापुरता राहतो की भाषेलाही धरतो, हे आपल्या मंडळींनी वेळीच विचारले पाहिजे. अधिवेशन तर सुवर्ण विधानसौधात, आपल्या दारातच भरते.

विधेयकाचे काय व्हायचे ते होवो, यूजीसीचे २००९ चे नियम दोन्ही राज्यांत लागू आहेत. प्रवेशाच्या वेळी पालकांनी सही करायचे प्रतिज्ञापत्र त्यातलेच. आपण ते न वाचताच सही करतो. गुन्हा दिसत असेल तर संस्थेने २४ तासांत पोलिसांत तक्रार द्यायची असते. मदतवाहिनी १८००-१८०-५५२२. तक्रार लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.