बेसच्या गिऱ्हाइकाला काय विकावे? आधी कानाची गादी, मग अ‍ॅम्प्लिफायर

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि ओरोसची सिंधुदुर्गनगरी झाली. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय आणि अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे येथे भाड्याच्या खोल्यांत राहणारे कर्मचारी व विद्यार्थी वाढले. भिंतीला भिंत लागलेल्या खोलीत मोठा स्पीकर लावून बेस ऐकता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. साहजिकच ज्याला ढोल, डीजे रीमिक्स किंवा कव्वालीतल्या ढोलकचा घुमणारा बायां मनसोक्त ऐकायचा आहे, तो हेडफोनकडे वळतो. ओरोसचा दुकानदार असो की कुडाळ, कणकवली, सावंतवाडीचा, त्याच्या काउंटरवर एक मागणी ठरलेली आहे : "भाई, बेस जोरदार पाहिजे."

हे गिऱ्हाईक मोलाचे आहे आणि त्याला फसवणे सर्वांत सोपेही आहे. खोक्यावर "एक्स्ट्रा बेस" छापले, हजारांत वॅटचा आकडा टाकला की माल खपतो. पण आठ दिवसांनी तोच माणूस कपाळाला आठ्या घालून परत येतो, किंवा परत येतच नाही आणि पुढची खरेदी मोबाइलवरून घरबसल्या करतो. घरपोच माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी किमतीत स्पर्धा करणे आपल्या छोट्या दुकानदाराला जमणारे नाही. ऐकवून देणे, कानाला बसवून देणे आणि बिघडल्यास दुरुस्त करून देणे या तीन गोष्टी मात्र त्याच्याच हातात आहेत. त्यासाठी बेस म्हणजे काय आणि तो कोठे हरवतो, हे त्याला ठाऊक हवे.

बेस म्हणजे किती खाली?

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. यातला २५० हर्ट्‌झच्या खालचा भाग म्हणजे बेस, आपल्या जुन्या भाषेत खर्ज. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झवर वाजते. डीजे संगीतातला छातीत जाणवणारा आवाज बहुधा ३० ते ६० हर्ट्‌झमध्ये असतो. आपला कान मुळातच हा खालचा आवाज कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. त्यामुळे आवाज बारीक ठेवला की बेस सर्वांआधी नाहीसा होतो आणि गिऱ्हाइकाला वाटते की यंत्रात जोर नाही.

आणखी एक गोष्ट. हेडफोनने कान थरथरतो, छाती नाही. मांडवातल्या मोठ्या स्पीकरचा धक्का अंगाला लागतो, तो कितीही महाग हेडफोन देणार नाही. हे विकण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

पहिली पायरी : हवा गळू देऊ नका

हेडफोनचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेचा छोटासा कप्पा असतो. तो बंद असेल तरच बेस टिकतो. ईअरफोनची रबरी टोपी सैल असेल, चष्म्याच्या काडीमुळे गादी उचलली जात असेल किंवा गादी चिरली असेल, तर तेथून सर्वांत आधी बेस निसटतो. ही घट १० डेसिबलहून अधिक होऊ शकते. तेवढी भर केवळ आवाज वाढवून काढायची तर दहापट वीज लागेल आणि उरलेले सारे आवाज कानठळ्या बसवतील. म्हणजे काही रुपयांची योग्य मापाची टोपी जे काम करते, ते काही हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर करू शकत नाही.

म्हणून काउंटरवर लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही मापांच्या टोप्या ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कानाला वेगळी बसवून पाहा. पुष्कळांचे दोन कान एका मापाचे नसतात. फोमची टोपी हवा अधिक चांगली अडवते, पण ती लवकर खराब होते.

डोक्यावरच्या हेडफोनमध्ये दोन जाती आहेत. पाठ बंद असलेला आणि पाठ उघडी असलेला. उघड्या पाठीचा हेडफोन मोकळा, नैसर्गिक वाटतो, पण त्यातला अगदी खालचा बेस सहसा उतरत जातो आणि आवाज बाहेरही फुटतो. शेजारी झोपलेले असताना बेस ऐकायचा असेल तर बंद पाठीचा, कानाला पूर्ण वेढणारा हेडफोन द्यावा. मखमली गादी उकाड्यात बरी वाटते, मात्र तिच्यातून हवा गळते. कातडीसारखी गादी घाम आणते पण बेस धरते.

येथे कोकणच्या हवेचा विचार केलाच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनाऱ्यावर हवेत मीठ असते. नकली कातड्याची गादी दमट हवेत सोलून निघते, जॅकच्या पितळी भागावर गंज धरतो. ज्या हेडफोनची गादी सुटी मिळते आणि वायर काढता येते, तोच आपल्याकडे टिकाऊ समजावा. पावसाळ्यात माल झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा.

दुसरी पायरी : आकडे कोणते पाहावेत?

खोक्यावरचे तीन आकडे बहुधा दिशाभूल करतात. "२० ते २०,००० हर्ट्‌झ" हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते. त्यात किती चढउतार आहे हे दिलेले नसेल तर त्याला अर्थ नाही. "५० मिलिमीटर ड्रायव्हर" म्हणजे बेस चांगलाच, असेही नाही. आणि "१००० मिलिवॅट" हा आकडा हेडफोन किती वीज सोसेल याचा आहे, त्याला किती लागते याचा नाही.

कामाचे आकडे दोनच. एक म्हणजे ओहम, अर्थात वायरीतला अडथळा. दुसरा म्हणजे संवेदनक्षमता, अर्थात एक मिलिवॅट विजेत किती डेसिबल आवाज निघतो.

एक उदाहरण घेऊ. ३२ ओहम आणि १०० डेसिबलचा साधा हेडफोन आहे. ढोलाच्या क्षणिक ठोक्याला ११० डेसिबल गाठायचे तर त्याला १० मिलिवॅट, म्हणजे सुमारे ०.५७ व्होल्ट लागतात. एक व्होल्टपर्यंत देणाऱ्या मोबाइलला हे सहज जमते. आता स्टुडिओत वापरला जाणारा बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो घ्या. हा बंद पाठीचा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये बनत आला आहे. त्याचा २५० ओहमचा नमुना ९६ डेसिबलचा आहे. त्याच ठोक्याला त्याला २५ मिलिवॅट, म्हणजे अडीच व्होल्ट हवेत. मोबाइल तेथे सुमारे ८ डेसिबल कमी पडेल. नाव एकच असले तरी ओहम पाहिल्याशिवाय विकला तर गिऱ्हाईक "आवाजच नाही" म्हणून परत येणारच.

बेस वाढवणाऱ्याचा हिशेब याच्याही पुढे जातो. मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये बेस ६ डेसिबल वर केला की दुप्पट व्होल्टेज आणि चौपट वीज लागते. वरच्या साध्या हेडफोनलाही मग १.१ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे मोबाइल काठावर येतो आणि ठोका फाटू लागतो. यावर उपाय असा की बेस जितका वर न्यायचा, तितका एकूण आवाज इक्वलायझरमध्येच आधी खाली आणायचा. पुष्कळांचे काम एवढ्यावर होते. उरलेल्यांनाच अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

तिसरी पायरी : अ‍ॅम्प्लिफायर कोणाला?

विद्यार्थी, मोबाइल आणि १६ ते ३२ ओहमचा ईअरफोन : अ‍ॅम्प्लिफायर नको. त्याला योग्य टोपी द्या. मोबाइलला गोल भोक नसेल तर चांगल्या प्रतीचा डोंगल द्या. त्या छोट्या वायरीतच अ‍ॅम्प्लिफायर असतो.

ब्लूटूथ हेडफोनचे गिऱ्हाईक : वेगळा अ‍ॅम्प्लिफायर निरुपयोगी, कारण तो हेडफोनच्या आतच बसवलेला असतो. त्याला बाहेरचा विकणे म्हणजे सरळ फसवणूक.

घरी रात्री संगणकावर ऐकणारा, किंवा भजन-कव्वालीचे ध्वनिमुद्रण करणारा, ज्याच्याकडे ८० ते ३०० ओहमचा हेडफोन आहे : याला अ‍ॅम्प्लिफायर खरोखर हवा. ज्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट अडथळा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी असेल तो घ्यावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंतचा चालेल. हा अडथळा जास्त असेल तर पुष्कळ हेडफोनांत बेस फुगतो पण ढिला होतो. जुन्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या हेडफोनच्या भोकामागे बहुधा शंभराहून अधिक ओहमचे रेझिस्टन्स असतात. तेथे "बेस वाढला" असे वाटते ते याचमुळे. काहींना तो आवडतो, पण ठोका सुटा ऐकू येत नाही.

वॅटच्या बाबतीत आमच्या वाचकांना जुना "पीएमपीओ" आठवत असेल. मूठभर वॅटच्या डब्यावर हजारांचे आकडे छापले जात. खरे पाहायचे असेल तर अ‍ॅडॉप्टर उलटा करा. १२ व्होल्ट, ३ अ‍ॅम्पियर म्हणजे ३६ वॅट. त्यातून सतत ३६ वॅटहून अधिक आवाज निघूच शकत नाही. हेडफोनला तर मिलिवॅट पुरतात.

कारागिरांसाठी

आपल्याकडे अनेक कारागिरांनी ४४४० आयसीवर अ‍ॅम्प्लिफायर जोडून हात बसवला. सान्यो कंपनीची ही आयसी दोन चॅनलला सहा-सहा वॅट किंवा ब्रिजमध्ये १९ वॅट देते. ब्रिज जोडणीत स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, एकही ग्राउंड नसते. हेडफोनला मात्र दोन्ही कानांची एक तार समाईक असते. ब्रिज अ‍ॅम्प्लिफायरला हेडफोन जोडला तर शॉर्ट होऊन आयसी जाईल. साध्या जोडणीतही स्पीकरचे टोक थेट हेडफोनला देऊ नये. हेडफोन जळेल आणि कानालाही इजा होईल.

"बेस गेला" म्हणून आलेला हेडफोन आधी जॅकवर तपासा. समाईक ग्राउंडची तार तुटली की दोन्ही कानांत सारखे असलेले सारे नाहीसे होते. गायकाचा आवाज जातो, बेस जातो आणि लांबून आल्यासारखी साथ तेवढी उरते. दुरुस्ती पाच मिनिटांची असते, पण गिऱ्हाईक नवा हेडफोन घ्यायला निघालेले असते. दुसरे, एका कानाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर बेस डोक्याच्या मध्यभागी न राहता पोकळ, विखुरलेला लागतो. बारीक तारांवर रंगाचे रोगण असते. ते जाळून वा खरवडून, कथिल चढवून मगच सोल्डर करावे.

कान आणि कायदा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे प्रौढाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलला तो वेळ चार तासांवर येतो. बेसप्रेमी माणूस फटी असलेल्या हेडफोनमधून बेस ओढण्यासाठीच आवाज वाढवत जातो. नीट बसलेला हेडफोन कमी आवाजात तोच आनंद देतो. कानात शिट्टी वाजत राहणे ही धोक्याची सूचना आहे आणि गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही, हे तरुण गिऱ्हाइकाला सांगण्यात संकोच करू नये.

वायरलेस हेडफोन-ईअरफोन भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. मालावर "आर" अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या "बीआयएस केअर" या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो. घाऊक बाजारातून माल उचलतानाच हे पाहावे. आखातातून आलेल्या मालाची वॉरंटी येथे चालेलच असे नाही, तेही आधी विचारून घ्यावे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे, तसेच सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत परत न घेणे, ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा बिलावर नमुन्याचे नाव, ओहम, परत घेण्याची मुदत आणि "दुकानात ऐकवून दिला" एवढे लिहावे. एक जुना मोबाइल, ओळखीची दोन गाणी, तीन मापांच्या टोप्या आणि पाच मिनिटांचा वेळ एवढे भांडवल काउंटरवर ठेवणे कोणत्याही दुकानदाराला परवडेल. ज्याला अ‍ॅम्प्लिफायरची गरज नाही त्याला "तुम्हाला नको" असे सांगितल्याने एक विक्री जाईल. पण हेडफोन बिघडला की तो माणूस तेथेच येईल, आणि खोलीतल्या सोबत्यालाही घेऊन येईल.