पिंपळाच्या पानापासून कोयना धरणापर्यंत : फायनाईट एलिमेंट पद्धत आणि तिच्या अडचणी



आलेख कागदावर पिंपळाचं पान ठेवून क्षेत्रफळ काढणं आपण वर्गात घेतोच. पूर्ण चौकोन एक धरायचा, अर्ध्याहून मोठा असेल तोही एक, अर्ध्याहून लहान सोडून द्यायचा. वेड्यावाकड्या आकाराचं उत्तर जवळपास मिळतं. इंजिनीअर धरण, पूल किंवा यंत्राचा भाग संगणकावर असाच छोट्या तुकड्यांत विभागतात. एका तुकड्याचं गणित सोपं असतं. सगळे तुकडे जोडून वस्तू कुठे किती ताणली जाते ते काढतात. हीच फायनाईट एलिमेंट पद्धत. हे नाव अमेरिकेतील प्रा. रे क्लफ यांनी 1960 मध्ये दिलं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. 103 मीटर उंचीचं धरण टिकलं, पण वरच्या भागात आडवे तडे गेले. भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या फक्त 5 टक्के धरून आराखडा केला होता. त्या हिशोबात तडे दिसतच नव्हते. पुढे अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी या पद्धतीने अभ्यास केला. धरणाचा उतार जिथे एकदम बदलतो, तिथेच ताण काँक्रीटच्या ताकदीपेक्षा जास्त निघाला. तडेही तिथेच होते! आजही नवीन सॉफ्टवेअर तपासायला जगभर कोयनेचं उदाहरण घेतात.

अडचणी कोणत्या?

1. चौकोन किती बारीक? बारीक केले तर उत्तर सुधारतं, पण काम वाढतं. बाजू निम्मी केली की कागदावर चौकोन चौपट होतात; घन वस्तूत तुकडे आठपट.

2. टोकदार कोपरा. आत वळलेल्या तीक्ष्ण कोपऱ्यात तुकडे जितके बारीक, तितका ताणाचा आकडा वाढतच जातो, थांबतच नाही. म्हणून तिथला सर्वात मोठा आकडा डोळे झाकून खरा मानायचा नसतो.

3. तडा. संगणकात तडा एकाच ओळीतल्या तुकड्यांत शिरतो. तुकडे लहान केले की धरण उगाच जास्त ठिसूळ वाटतं. उपाय म्हणजे तडा पाडायला काँक्रीटला किती ऊर्जा लागते, ते मोजून गणितात घालायचं.

4. कडा. पायाखालचा खडक अगदी घट्ट मानायचा की थोडा हलणारा? मागचं पाणी धरणाला कसं ढकलतं? हे चुकलं तर आतलं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं.

वर्गात करून पाहा

कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीच्या कडेला कात्रीने टोकदार चीर द्या, दुसरीच्या कडेला तेवढीच खोल गोल खाच. दोन्ही हळूहळू ओढा. कोणती आधी फाटते, ते मुलांनाच सांगू द्या. मग पान आधी मोठ्या, नंतर लहान चौकोनांवर मोजायला लावा आणि दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहा.

धरणाखाली गावं असतात. त्यामुळे संगणकाने रंगीत चित्र दाखवलं म्हणून प्रश्न संपत नाही. चौकोन बदलल्यावर उत्तर टिकतं का, प्रत्यक्ष मोजमापाशी जुळतं का, हे पाहावंच लागतं. "उत्तर आलं" म्हणणाऱ्या मुलाला "पडताळलंस का?" असं विचारायची सवय आपण आत्तापासून लावू या.