वजा करूनही न घटणारा शत्रू

लष्करी थरारकथा मोजणीवर उभी असते. वरणगावच्या आयुध निर्माणीतली किती काडतुसं उरली, चौकी किती अंतरावर आहे, कुमक यायला किती मिनिटं लागतील आणि शेवटी समोरचे किती पडले. गुरुनाथ नाईकांनी बाराशेहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले हे त्यांचे नायक तर हुद्द्यासकट वाचकांच्या घरचे झाले. बाराशेहून अधिक! एवढ्या लेखनातून वाचकाच्या मनात एक करार मुरतो: संकट कितीही मोठं असो, नायक ते संपवणार आणि पुढच्या पुस्तकात परत येणार. अशा मालिकेत वैश्विक भय आणायचं, म्हणजे ज्याला माणसाचं असणं-नसणं सारखंच, असं काही आणायचं, तर शत्रूचा आकार वाढवून भागत नाही. दहा हातांचा राक्षस हाही मोजता येणाराच शत्रू असतो. मोजणीच निकामी व्हायला हवी.

ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या 1207 सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने स्थापलेल्या मठाची नोंद आहे. त्या ग्रंथांपैकी ‘बीजगणिता’त ‘खहर’ नावाची राशी येते, शून्याने भागल्यावर मिळणारी. तिच्यात काहीही मिळवा, तिच्यातून काहीही वजा करा, ती बदलत नाही. लष्करी कथेतला विजय म्हणजे वजाबाकी. समोर खहर उभा राहिला, की नेम अचूक असूनही, पराक्रम खरा असूनही बाकी तेवढीच राहते. नायक दुबळा झाल्याने ही भीती येत नाही. तो पूर्ण समर्थ असताना येते, म्हणून ती खोल जाते.

यावर रास्त आक्षेप असा, की भास्कराचार्यांनी खहराची तुलना अनंत अच्युताशी केली आहे. आपल्याकडे अनंत हे भयाचं नव्हे, आश्रयाचं ठिकाण आहे. हे खरंच आहे. नारायण धारपांच्या समर्थकथांना बळ मिळालं ते याच श्रद्धेतून: अंधार कितीही दाट असो, रक्षण करणारा कुणीतरी आहे. पण लष्करी मालिकेत समर्थांसारखा त्राता आणला की सैनिकाची गरजच उरत नाही. भक्ताला जिथे विसावा मिळतो, तिथेच आयुष्यभर हिशेबावर जगलेल्या सैनिकाचा हिशेब संपतो. अनंत तेच, फरक समोर कोण उभा आहे याचा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: नायक परत येणार हे ठाऊक असेल, तर भय खोटं ठरत नाही का? मला उलट वाटतं. सुट्या भयकादंबरीत वाचक पहिल्या पानापासून सावध असतो; मालिकेत तो निर्धास्त असतो आणि मोडायला काहीतरी शिल्लक असतं. जोनाथन मेबरींची जो लेजर मालिका 2009 मध्ये जैविक अस्त्राच्या धोक्याने सुरू झाली आणि 2016 च्या ‘किल स्विच’मध्ये वैश्विक भयाच्या कथा लिहिणाऱ्या लव्हक्राफ्टच्या विश्वात शिरली. आधीच्या पुस्तकांनी वाचकाचा भरवसा कमावला होता, म्हणून हे वळण बोचतं. नायकाला परत आणावं, पण त्याने जिंकलं म्हणजे काय केलं, हे त्यालाही सांगता येऊ नये.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. लव्हक्राफ्टच्या भयात परक्या वंशांविषयीचा तिटकारा मिसळलेला होता. खानदेशात लिहिणाऱ्याला तो मोह पडेल, कारण भिल्लांचा सातपुडा हाताशी आहे. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारली. पाटण्याच्या डोंगररांगेतल्या घाटाला आजही त्याचं नाव आहे. त्या पलटणीवर कथा रचताना भिल्लांच्या देवांना अघोरी ठरवणं म्हणजे भय नव्हे, जुनी बदनामी. पलटणीतला भिल्ल शिपाईच कथेचा नायक असावा, आणि मोजणी चुकत नसूनही बाकी जुळत नाही, हे साहेबाच्या आधी त्याला कळावं.