कुरडईचा चीक आणि टाकलेला चोथा

उन्हाळा तापू लागला की नागपूरजवळील बेसा व आसपासच्या गावांत कुरडईसाठी गहू भिजत पडतो. जेथे पूर्वी शेते होती तेथे आज इमारती उभ्या आहेत. तरी अंगणाऐवजी गच्चीवर का होईना, कुरडया वाळतातच. परंतु गव्हाचे ‘सत्त्व’ म्हणून जो चीक आपण जपतो, त्यात नेमके काय उरते, याचा विचार गृहिणींनी व ग्रामसेवकांनी अवश्य करावा.

कुरडईसाठी गहू सुमारे तीन दिवस भिजवितात व पाणी रोज बदलतात. नंतर तो वाटून गाळतात आणि तळाशी बसलेला पांढरा चीक शिजवून सोऱ्याने पाडतात. हा चीक म्हणजे मुख्यतः पिष्ट होय. गव्हात १०० ग्रॅममागे सुमारे ११ ते १२ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांचा मोठा भाग कोंड्यासह चोथ्यात राहतो आणि तो चोथा गुरांपुढे जातो. काही जीवनसत्त्वे ओतून दिलेल्या पाण्याबरोबर नाहीशी होतात.

चीन व कोरियातील काचेसारख्या पारदर्शक शेवया ही कुरडईचीच भावंडे होत. चीनमध्ये त्या मुख्यतः मुगाच्या, तर कोरियात रताळ्याच्या पिष्टापासून करतात. मुगात १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. त्याच्या शेवयांत मात्र एक ग्रॅमही उरत नाही. त्यांपासून शक्ती मिळते, परंतु शरीराची झीज भरून निघत नाही. म्हणूनच तेथील लोक त्या भिजवून भाज्या, अंडी वा मांस यांसह खातात.

हाच धडा आपणही घ्यावा :

(१) कुरडया केवळ तळून न खाता गरम पाण्यात भिजवून त्यांची भाजी करावी. फोडणीत कांद्याबरोबर मोड आलेले मूग किंवा भिजविलेली मूगडाळ शिजवून घालावी. वरून शेंगदाण्याचे कूट पेरावे.

(२) चोथा त्याच दिवशी वापरावा. उन्हाळ्यात तो लवकर नासतो. त्यात तीळ, तिखट, जिरे व मीठ घालून भुसवड्या कराव्यात व त्या कडक वाळवाव्यात. थालीपिठाच्या पिठातही तो मिसळता येतो.

(३) लहान मुलास नुसत्या चिकावर ठेवू नये. सोबत दूध वा घट्ट वरण द्यावे. मधुमेही व्यक्तींनी कुरडई बेतानेच खावी.

कुरडई ही आपल्या घरची जुनी व चविष्ट बेगमी आहे. ती सोडण्याचे कारण नाही. मात्र यंदा चीक काढाल तेव्हा चोथ्याची परातही स्वयंपाकघरातच ठेवावी.