स्लोकमची 'स्प्रे'

अमेरिकेतल्या फेअरहेवनच्या माळावर कुजत पडलेली 'स्प्रे' ही शिडाची होडी खलाशी जोशुआ स्लोकमने तेरा महिने खपून नव्याने बांधली: कण्याला जवळचाच ओक तोडला, बरगड्या वाफवून वाकवल्या. साहित्याचा खर्च साडेपाचशे डॉलर. १८९५ ते १८९८ या काळात त्याने तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

मला सर्वांत थोर वाटते ती शिडांची मांडणी. वारा मागून असला की तो होडीच्या नाळेपुढे (पुढच्या टोकापुढे) बांबू बांधून त्यावर एक छोटे शीड मधोमध ताणून धरी. नाळ भरकटली की वारा त्या शिडावर आदळून तिला परत मार्गावर ढकले. सुकाणू बांधलेलेच! ऑस्ट्रेलियाजवळचे थर्सडे बेट ते हिंदी महासागरातले कीलिंग बेट, २,७०० मैल, २३ दिवस. सुकाणूवर तो तीन तासही नव्हता, आणि कीलिंगच्या बंदरात शिरण्याचा वेळही त्यातच धरलेला.