अर्जुनाचं रडणंसुद्धा योगच!

परवा भाचीला वर्ध्याचं गीताई मंदिर दाखवलं. छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळांवर विनोबांची गीताई, म्हणजे मराठीतली गीता, कोरलेली.

गीतेवरून योगाचा विषय निघाला, तशी ती म्हणाली, "मामा, योग म्हणजे आसनंच ना?"

मी म्हटलं, गीतेच्या पहिल्या अध्यायाचं रूढ नाव अर्जुनविषादयोग. तिथे तर अर्जुन हातपाय गाळून बसलाय! अठराही अध्याय योगच म्हणवतात. 'युज्' म्हणजे जोडणं. मन कामात जोडलेलं आणि फळाची धाकधूक सुटलेली, हा कर्मयोग.

आणि आसनांचं म्हणाल तर, पतंजलींच्या योगसूत्रांतल्या आठ अंगांत आसन तिसरं, त्यावर सूत्रं जेमतेम तीन. (मीही शीर्षासनालाच योग समजायचो. मान धरली, मग वाचायला बसलो.)

नवशिक्यांनो, आधी पाच मिनिटं ताठ, सुखाने बसून श्वास बघा. काही अडलं तर खाली बिनधास्त विचारा.