संगणक प्रणाली

माहिती अंकरूपात साठवून आदेशांनुसार तिच्यावर संस्करण करणारी यंत्रसामग्री व तिला आदेश पुरविणारे सॉफ्टवेअर यांच्या एकत्रित योजनेस संगणक प्रणाली म्हणतात. तिची रचना थरांची असते. तळाशी विद्युत् मंडले, त्यांवर तर्कद्वारे, त्यांपासून बनलेले संस्करक व स्मृती आणि सर्वांत वर सॉफ्टवेअर असे हे थर होत. वरच्या थरात काम करणाऱ्यास खालच्या थराचे तपशील माहीत असण्याची गरज नसते. उलट, खालच्या थरास आपण हाताळीत असलेल्या अंकांचा अर्थ कळत नाही. पहिल्या गोष्टीत प्रणालीचे सामर्थ्य, तर दुसरीत तिची मर्यादा आहे.

अलिबाग (जि. रायगड) येथील चुंबकीय वेधशाळेच्या नोंदींवरून हे स्पष्ट करता येते. मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने होत असत. सप्टेंबर १८५९ मधील तीव्र चुंबकीय वादळाची नोंद तेथेच झाली. विजेवरील ट्रामगाड्यांमुळे मापनांत व्यत्यय येणार हे ओळखून हे कार्य अलिबागला हलविण्यात आले व तेथे १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. पूर्वी छायाचित्रणाच्या कागदावर उमटलेल्या वक्रांवरून दर तासाची मूल्ये हाताने काढीत. आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या या वेधशाळेत अंकीय उपकरणांनी दर मिनिटाची, म्हणजे दिवसाला १,४४० मूल्ये मिळतात.

अंकीकरण : मापकातून क्षेत्राच्या बदलाशी प्रमाणात असणारा विद्युत् दाब मिळतो. परिवर्तक हा दाब ठराविक क्षणी मोजून त्याचे द्विमान पद्धतीच्या अंकांत रूपांतर करतो. या पद्धतीत ० व १ हे दोनच अंक (बिट) असल्याने दाबाच्या दोन सुस्पष्ट स्थितींनी ते दर्शविता येतात व किरकोळ चढउतारांनी बिघडत नाहीत. क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक ३८,४०० नॅनोटेस्ला मानला, तर तो १००१०११००००००००० असा १६ बिटांत लिहिता येतो. हेच मूल्य ०·१ नॅनोटेस्लापर्यंत हवे असल्यास १९ बिट लागतात.

तर्कद्वारे व स्मृती : जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप दिले आणि क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात स्विचांच्या मंडलांना ते लागू केले. ‘आणि’ द्वाराची सर्व आदाने १ असली तरच प्रदान १ मिळते. ‘किंवा’ द्वारास एक आदान १ असले तरी पुरते. ‘नाही’ द्वार आदान उलटविते. दोन बिटांच्या बेरजेत हातचा ‘आणि’ द्वार देते, तर बेरजेचा अंक नेमके एकच आदान १ असता १ देणाऱ्या द्वारातून मिळतो. अशा जोडण्यांच्या मालिकेतून मोठ्या संख्यांची बेरीज होते. प्रदान पुन्हा आदानाकडे वळविल्यास शेवटची स्थिती धरून ठेवणारे मंडल तयार होते. तो स्मृतीचा एक बिट होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकात निर्वात नलिका होत्या, तर आज संकलित मंडलांत सूक्ष्म ट्रँझिस्टर असतात. परंतु द्वारांचे तर्कशास्त्र तेच आहे.

सॉफ्टवेअर : संस्करक स्मृतीतून आदेश आणतो, त्याचा उलगडा करतो व तो अमलात आणतो. आदेशही बिटांतच असतात. उच्च पातळीच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर अनुवादक करतो, तर स्मृती, उपकरणे व वेळ यांची वाटणी परिचालन प्रणाली करते. अलिबागसारख्या ठिकाणी मापक मुख्यतः बदल दाखवितो. स्वतंत्र निरपेक्ष मापनांवरून काढलेले आधारमूल्य त्यात मिळविणे हे आज्ञावलीचे काम असते.

अचूकतेची जबाबदारी : वरील १६ बिटांतील डावीकडचा पहिला बिट आज्ञावलीने ऋण चिन्ह म्हणून वाचला, तर ऋण संख्या लिहिण्याच्या प्रचलित पद्धतीनुसार तीच नोंद −२७,१३६ ठरते. द्वारे व स्मृती निर्दोष असूनही फल चुकते. ही चूक सहज लक्षात येते. पण जुने आधारमूल्य तसेच वापरल्याने येणारी काही नॅनोटेस्लांची चूक सहसा दिसून येत नाही. पृथ्वीच्या क्षेत्रातील दीर्घकालीन बदल मंद असतात व ते अनेक दशकांच्या नोंदींची तुलना करूनच कळतात. अशी चूक मालिकेत शिरल्यास निसर्गातील बदल व यंत्रणेतील बदल यांत भेद करणे कठीण होते. म्हणून अंकीय उपकरणे आल्यानंतरही निरपेक्ष मापने नियमितपणे घ्यावी लागतात आणि प्रत्येक संख्येसोबत तिचे एकक, वेळ व आधारमूल्य नोंदवावे लागते.